फोटोकॅटॅलिस्टने खोलीतली हवा शुद्ध करणे: हिशेब, जाळी, ट्यूब आणि नागपूरचं हवामान

ॲनाटेज (धागाकर्ता)

नवं फर्निचर झालं, रंग झाला, डोळे चुरचुरायला लागले, की "युव्ही फोटोकॅटॅलिस्टवालं मशीन घेऊ का?" हा प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर फिरत राहतो. सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. घरी किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी बांधता येईल असा एक डबा मापांसकट मांडतोय. पिसं काढा, हरकत नाही.

तत्त्व थोडक्यात. फोटोकॅटॅलिस्ट म्हणजे प्रकाशाने चालणारा उत्प्रेरक, युव्ही म्हणजे अतिनील प्रकाश. टायटॅनियम डायऑक्साइडवर (पुढे नुसतं टायटॅनिया) पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उडतो आणि मागे धन पोकळी राहते. पोकळी पृष्ठभागावरच्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते, इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला धरून सुपरऑक्साइड बनवतो. ही जोडी जाळीवर येऊन बसलेला सेंद्रिय रेणू तोडत तोडत कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापर्यंत नेते. "जाळीवर येऊन बसलेला" हे महत्त्वाचं, कारण लांबून उडत जाणाऱ्या रेणूला काहीही होत नाही. फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ मध्ये टायटॅनियाच्या इलेक्ट्रोडवर पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून हा विषय गाजला. हवेकडे तो नंतर वळला.

ॲनाटेज आणि रूटाइल हे टायटॅनियाचे दोन स्फटिकप्रकार. "पुरेशी ऊर्जा" म्हणजे ॲनाटेज प्रकारासाठी ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजेच ३८७ नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड तरंगलांबी. रूटाइलसाठी ३.०, म्हणजे साधारण ४१३. पुष्कळ प्रोजेक्ट इथेच आपटतात. पार्टीच्या दिव्यांतले स्वस्त जांभळे एलईडी ३९५ ते ४०५ चे असतात. जाळी छान जांभळी दिसते आणि काम जवळपास शून्य. ३६५ चा एलईडी घ्या, नाहीतर सरळ माशा मारायच्या मशीनमधली ८ वॉटची ट्यूब. तिचा शेंडा ३६५-३७० च्या आसपास असतो, लांबी २८८ मिलिमीटर, आणि मिठाईच्या दुकानांना हे मशीन पुरवणाऱ्याकडे सुटी मिळते.

आता डबा. आतून ३० × १५ सेंमीचा चौकोनी मार्ग. त्यात ओळीने जाळी, दोन ट्यूब, जाळी, दोन ट्यूब, जाळी. म्हणजे तीन जाळ्या आणि ८ वॉटच्या चार ट्यूब, रुंदीला समांतर. होल्डरसाठी बाजूला जागा सोडा. ट्यूब ते जाळी अंतर ४ ते ५ सेंमी. भिंतींना आतून चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा फॉइल. स्टीलपेक्षा ॲल्युमिनियम युव्ही-ए (या ट्यूबमधून येणारं लांब तरंगलांबीचं अतिनील) बरंच जास्त परतवतं. १२० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा शेवटी, ओढणारा. वेग कमी करून तासाला ४० घनमीटरवर आणा, म्हणजे जाळीसमोर वेग सेकंदाला पाव मीटर. सुरुवातीला धुळीचा फिल्टर हवाच.

८ वॉटच्या ट्यूबमधून युव्ही-ए बाहेर पडतं ते एक-सव्वा वॉट. चार ट्यूबचे ४.८ धरा, त्यातलं ६० टक्के जाळ्यांवर पोचलं तर २.९ वॉट. ३६५ नॅनोमीटरच्या एका वॉटमधून तासाला ११ मिलिमोल फोटॉन मिळतात. शंभरातला एक फोटॉन कामी आला असं धरू. हवेतल्या विरळ प्रदूषकांसाठी हे अजिबात कंजूस गृहीतक नाही. म्हणजे वॉटमागे तासाला ०.११ मिलिमोल इलेक्ट्रॉन. फॉर्मल्डिहाइडचा (प्लायच्या डिंकातून सुटणारा वायू) एक रेणू पूर्ण जाळायला ४ इलेक्ट्रॉन लागतात, टोल्यूइनला (थिनरमधलं द्रावक) ३६. त्यामुळे वॉटमागे तासाला फॉर्मल्डिहाइड ०.८ मिलिग्रॅम, टोल्यूइन जेमतेम ०.२८. आपल्या डब्यासाठी: फॉर्मल्डिहाइड तासाला २.४ मिलिग्रॅम.

१२ × १२ × १० फुटांची खोली ४१ घनमीटर. तिथे फॉर्मल्डिहाइड घनमीटरला ०.२ मिलिग्रॅम असेल (जागतिक आरोग्य संघटनेची अर्ध्या तासाच्या सरासरीची मर्यादा ०.१ आहे) तर खोलीत एकूण ८ मिलिग्रॅम. २.४ भागिले ०.२, म्हणजे डबा तासाला १२ घनमीटर हवा साफ केल्याइतकं काम करतो. विजेचा खर्च ट्यूब, चोक, पंखा धरून दिवसाला साधारण एक युनिट.

डब्याचा आकडा कुठेही फुगवलेला नाही. बाजारातल्या हातभर डबीत एक-दोन वॉटचा एलईडी असतो, तिचा हिशेब वरच्या रीतीने ज्याचा त्याने करावा.

झरोका

हिशेब बरोबर आहे, म्हणूनच तो पुरता बघा. तासाला १२ घनमीटर. सहा इंची एक्झॉस्ट पंखा तासाला दोनशे घनमीटरच्या आसपास हवा बाहेर टाकतो आणि डब्यापेक्षा कमी वीज खातो. खिडकी चार बोटं उघडी ठेवली तरी बारा घनमीटर सहज येतात-जातात.

नागपुरात आणखी एक गोष्ट आहे. मार्चअखेर ते जूनपर्यंत घरोघरी कूलर चालतो. घरगुती कूलर तासाला दोन हजार घनमीटर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणजे वरच्या खोलीत तासाला पन्नास वेळा हवा बदलते. त्या दिवसांत खोलीत फोटोकॅटॅलिस्ट लावणं म्हणजे पुरात पोहरा. हे मशीन लागू पडलं तर दोनच ठिकाणी: दार-खिडक्या लावून एसी चालतो ती खोली, आणि डिसेंबर-जानेवारीतली बंद खोली. खिडकी बंद असताना फटींतून तासाला अर्धी खोली हवा बदलते असं धरलं, तर आधीच २० घनमीटरची ये-जा आहे. त्यात १२ ची भर पडली की फॉर्मल्डिहाइडची पातळी १०० वरून ६० च्या थोडी वर येईल. शून्यावर येणार नाही, कारण प्लाय रोज नवं सोडतच राहतो.

ॲनाटेज

मान्य. १०० वरून ६२-६३ हेच या डब्याचं खरं काम. "९९ टक्के" लिहिलेलं दिसलं तर ते किती घनमीटरच्या पेटीत आणि किती तासांनी, हे विचारायचं.

भट्टीकर

जाळीबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. माझी भर:

पावडर: पी२५ नावाची तयार टायटॅनिया पावडर हा सगळ्यांचा मापदंड. ॲनाटेज आणि रूटाइल साधारण ८०:२०, कण २१ नॅनोमीटरच्या आसपास, एका ग्रॅमला पृष्ठभाग ५० चौरस मीटर. रंगाच्या दुकानातला टायटॅनियम चालत नाही. रंगात वापरायच्या रूटाइलवर मुद्दाम ॲल्युमिना-सिलिकाचा थर चढवतात, कारण तो थर नसेल तर टायटॅनिया उन्हात रंगाचाच बाइंडर खातो आणि भिंत खडूसारखी पावडर सोडते. म्हणजे उत्प्रेरकपणा मारून टाकलेला माल तुम्ही उत्प्रेरक म्हणून आणता. त्रिवेंद्रमला बनतो तसा कागद-रंगासाठीचा ॲनाटेज पिगमेंट थोडंफार काम करतो, पण त्याचे कण जाड, पृष्ठभाग पी२५ च्या कितीतरी कमी.

घोळ: ५ ग्रॅम पावडर, ९५ मिली डिस्टिल्ड पाणी. बोअरचं पाणी नको. क्षार टाकले की कण एकमेकांना चिकटून तळाला बसतात, शिवाय सल्फेट-क्लोराइड जाळीवर राहून जागा अडवतात. विरल नायट्रिक आम्ल थेंब थेंब घालत सामू ३ वर आणा, पट्टीने तपासा. टायटॅनियाचा विद्युतभार सामू ६ ते ६.५ ला शून्य होतो, तिथे घोळ हमखास फाटतो. ३ ला कण एकमेकांना ढकलतात. मग अल्ट्रासॉनिक बाथमध्ये अर्धा तास. भांडं स्थिर ठेवून तासाभराने वर निवळ पाण्याचा थर दिसला तर घोळ जमलेला नाही, पुन्हा बाथमध्ये.

जाळी: बारीक विणीची ॲल्युमिनियमची, मच्छरजाळीपेक्षा थोडी जाड तारेची. आधी साबण, मग ५ टक्के कॉस्टिक सोड्यात मिनिटभर, मग भरपूर डिस्टिल्ड पाणी. कॉस्टिकमध्ये हायड्रोजन सुटतो, खिडकीशी करा आणि चष्मा घाला. काचेचं कापड वापरत असाल तर त्यावर विणताना लावलेलं खळ-तेल असतं, ते ४५० अंशांवर तासभर जाळून घ्या.

थर: बुडवा, सावकाश सरळ वर काढा, झटका, भोकांत साचलेला घोळ फुंकून काढा, १०५ अंशांवर वाळवा. तीन वेळा. एकदाच जाड थर दिला तर सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम पुरे, म्हणजे ३० × १५ च्या जाळीला साधारण ४५० मिलिग्रॅम. आधी आणि नंतर वजन करा. त्याहून जाड थरात प्रकाश तळापर्यंत जातच नाही.

भाजणं: मिनिटाला ५ अंश चढवत ४५० वर एक तास. घरचा ओव्हन अडीचशेच्या पुढे जात नाही, त्यात कण एकमेकांना धरत नाहीत. ६०० च्या पुढे ॲनाटेजचं रूटाइल व्हायला लागतं. आणि ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, त्यामुळे भट्टीचा काटा खोटा असेल तर जाळीचा गोळा मिळेल.

शेवटी सेलोटेप लावून ओढा, काळ्या कापडाने पुसा. पांढरं आलं तर ती जाळी पंख्यासमोर लावू नका. श्वासातून जाणाऱ्या टायटॅनिया धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २ब गटात, "शक्यता आहे" या वर्गात ठेवलंय. हवा शुद्ध करायच्या नावाखाली नॅनोपावडर फुंकायची नाही. वजन करतानाही एन-९५ लावा, सांडलं तर ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

संत्रावाडी

वाखु (वाचनखूण) साठवली. खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर थर दिला तर? फुकट मिळतात.

भट्टीकर

साध्या काचेत सोडियम असतो. ४५० ला तो थरात झिरपतो आणि इलेक्ट्रॉन-पोकळीला परत एकत्र आणायची केंद्रं तयार करतो. थर छान पारदर्शक दिसतो, काम निम्म्यावर. आधी सिलिकाचा पातळ थर द्या, नाहीतर बोरोसिलिकेट घ्या.

प्लायवाला_इतवारी

अॅनाटेज भाऊ, एक साधं विचारतो. भट्टी नाही आपल्याकडे. पोट्टे फेविकॉलमध्ये पावडर कालवून जाळीवर फासून राहिले. चालते का?

भट्टीकर

नाही चालत. फेविकॉल म्हणजे पॉलिव्हिनाइल ॲसिटेट, सेंद्रिय पदार्थ. टायटॅनियाला हवेतला रेणू आणि शेजारचा फेविकॉल यांत फरक कळत नाही, तो आधी फेविकॉलच खातो. त्यातून ॲसिटिक आम्ल, ॲसिटाल्डिहाइड सुटतं. मीटरवर व्हीओसी (हवेत उडणारी सेंद्रिय रसायनं) *वाढलेले* दिसतात ते यामुळे. ॲक्रिलिक इमल्शनचंही तेच. भट्टी नसेल तर कोलॉइडल सिलिका थोडी मिसळा आणि १२०-१५० ला तासभर तापवा. पकड भट्टीइतकी येत नाही पण बाइंडर अजैविक आहे, खाल्ला जात नाही.

त्याच न्यायाने डबा प्लास्टिकचा करू नका. युव्ही समोर पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि स्वतःच वास सोडतो.

प्लायवाला_इतवारी

समजलं जी. मग माझ्याकडून एक ऐका. वास मारायचं मशीन नंतर, माल आधी पाहा ना बाप्पा. आयएस ३०३ चा एमआर ग्रेड प्लाय यूरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकाने चिकटवतात, वास त्याचाच सुटते. आयएस ७१० वाला मरीन प्लाय फिनॉलच्या रेझिनचा, तो कमी सोडते. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डात भुसाच डिंकात कालवलेला, घेताना ई१ नाहीतर ई० (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणाऱ्या मालाच्या श्रेणी) लिहिलं आहे का ते पाहा. आणि सुतार कपाटाची आतली बाजू, मागची फळी, कापलेली कड उघडीच सोडून देतात. बाहेर सनमाईका, आत कोरा प्लाय. वास कडेतून येते. एज बँड मारा, आतून लॅमिनेट लावा. काऊन मग मशीन पाहिजे?

झरोका

+१०० या प्रतिसादाला. फॉर्मल्डिहाइड सुटण्याचा वेग तापमान आणि आर्द्रता वाढली की वाढतो. मे महिन्यात कुलूप लावलेला नवा फ्लॅट आतून तापतो, तेव्हा पातळी सगळ्यात वर जाते. त्याचा उपयोग करून घ्या: राहायला जायच्या आधी दिवसभर कपाटांची दारं, ड्रॉवर उघडे ठेवून घर बंद, संध्याकाळी सगळ्या खिडक्या उघडून कूलरचा पंखा पाण्याविना रात्रभर. थिनर-पॉलिशचा वास यात झपाट्याने उतरतो. यूरियाच्या डिंकाचा सावकाश, कारण तिथे डिंकच हळूहळू फुटत असतो.

मोजपट्टी

हा धागा चालू राहणार असेल तर मोजायचं कसं ते नीट ठरवा, नाहीतर जो तो आपल्या मीटरचा आकडा टाकेल.

स्वस्त व्हीओसी मीटरमधला धातू-ऑक्साइड सेन्सर सगळ्याची बेरीज दाखवतो. शेजारी फोडणी दिली, सॅनिटायझर चोळलं, उदबत्ती लावली, की आकडा उडतो. आर्द्रतेनेही हलतो, म्हणून कूलर सुरू केल्यावरची "सुधारणा" किंवा "बिघाड" खरा मानू नका. फॉर्मल्डिहाइडचा विद्युत-रासायनिक सेन्सर अल्कोहोललाही दाद देतो. आणि पीआयडीवाल्यांनी (युव्ही दिव्याने रेणूंचे आयन करून मोजणारा मीटर) लक्षात घ्या: नेहमीच्या १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दिव्याला फॉर्मल्डिहाइड दिसतच नाही, कारण त्याचा आयन करायला १०.९ लागतात. टोल्यूइन (८.८) पीआयडीला दिसतं. म्हणजे टोल्यूइन अर्धवट तुटून फॉर्मल्डिहाइड झालं तरी पीआयडी म्हणणार "हवा साफ". फॉर्मल्डिहाइड खात्रीने हवं असेल तर डीएनपीएच काडतुसातून (फॉर्मल्डिहाइड रासायनिक रीतीने धरून ठेवणारी नळी) ठरलेली हवा ओढून एचपीएलसीला (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) द्या. पर्यावरणाच्या प्रयोगशाळा हे करतात.

घरगुती चाचणी अशी करता येईल. साधारण १०० लिटरची काचेची टाकी, वर काच, कडा ॲल्युमिनियम टेपने बंद. आत डबा, छोटा पंखा, कार्बन डायऑक्साइडचा एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने मोजणारा) सेन्सर, तापमान आणि आर्द्रता. सूक्ष्म सिरिंजने १० मायक्रोलिटर शुद्ध ॲसिटोन आत सोडायचं. ते ३३ पीपीएमच्या आसपास होतं आणि पूर्ण जळलं तर कार्बन डायऑक्साइड १०० पीपीएमने वाढला पाहिजे, कारण ॲसिटोनच्या रेणूत तीन कार्बन. धागाकर्त्यांच्या एक टक्क्याच्या गृहीतकाने सहा-सात तास लागतील. टोल्यूइन घेऊ नका, पहिल्याच खेपेत जाळी पिवळी पडेल.

ही चाचणी *तीन* वेळा: जाळी आहे पण ट्यूब बंद, ट्यूब चालू पण कोरी जाळी, आणि दोन्ही. पहिल्यात ॲसिटोन घटतं ते जाळीवर आणि डब्यावर नुसतं चिकटल्यामुळे. ट्यूब लावली की ३२ वॉटनी टाकी तापते आणि चिकटलेलं परत हवेत येतं. तीन आलेख शेजारी नसतील तर "फोटोकॅटॅलिसिस झालं" हे वाक्य लिहायला जागा नाही.

जाळी जिवंत आहे का एवढंच बघायचं असेल तर रेझाझुरिन या निळ्या रंगद्रव्याची शाई सोपी: हायड्रॉक्सिइथाइल सेल्युलोजचं १.५ टक्के द्रावण ३ ग्रॅम, ग्लिसरीन ०.३ ग्रॅम, रेझाझुरिन ४ मिलिग्रॅम. पातळ फासा, युव्ही-ए खाली धरा. ग्लिसरीन पोकळ्या खातं, इलेक्ट्रॉन रंगाला मिळतात आणि निळा काही मिनिटांत गुलाबी होतो. मिथिलीन ब्लू नको. तो प्रकाशात स्वतःहूनही विटतो आणि रंग स्वतःच प्रकाश शोषून टायटॅनियाला इलेक्ट्रॉन देतो, त्यामुळे पांढऱ्या एलईडीखालीही "चालतंय" असं वाटतं.

मोठ्या दाव्यांसाठी आयएसओ २२१९७ मालिका आहे. तिसरा भाग टोल्यूइनचा. ५ × १० सेंमीचा नमुना, चौरस सेंटिमीटरला १ मिलिवॅट युव्ही-ए, १ पीपीएम टोल्यूइन, मिनिटाला अर्धा लिटर हवा. मिनिटाला अर्धा लिटर! त्या प्रमाणपत्रावरून खोलीचं काही ठरत नाही, दोन जाळ्यांची तुलना तेवढी होते.

बुटीबोरीकर

आमच्याकडे स्प्रे बूथ आहे. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचं थिनर, तासाला लिटरभर उडून राहिलं. एक्झॉस्टच्या डक्टमध्ये अशा जाळ्या लावल्या तर? एका विक्रेत्याने कोटेशन देऊन ठेवलंय.

ॲनाटेज

कोटेशन परत द्या. थिनर सगळं टोल्यूइनच धरलं तर लिटरभर म्हणजे ८७० ग्रॅम. वरच्या हिशेबाने वॉटमागे तासाला ०.२८ मिलिग्रॅम. भागाकार केला तर ३१ लाख वॉट *प्रकाश* लागतो, वीज नव्हे. कोराडीच्या वीज केंद्रालाच फोन लावावा लागेल.

शिवाय टोल्यूइन हे या कामातलं सगळ्यात खोडकर गिऱ्हाईक. आधी बेन्झाल्डिहाइड, मग बेन्झोइक आम्ल, आणि ते जाळीला घट्ट धरून बसतं. पांढरी जाळी पिवळी, मग तपकिरी. हवा कोरडी असेल तर आणखी लवकर, कारण मूलक बनवायला पाणीच नाही. मेमधल्या दुपारी आपल्याकडे आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, तेव्हा हेच होतं. ऑगस्टात उलट त्रास, पाण्याचे रेणूच जागा अडवून बसतात. मधली ३० ते ६० टक्के आर्द्रता बरी.

बूथसाठी रस्ता जुनाच: रंगाचा तुषार पकडणारा फिल्टर, मग सक्रिय कोळशाचा थर, प्रमाण मोठं असेल तर औष्णिक ऑक्सिडायझर. ट्यूबचे होल्डर आणि चोक थिनरच्या वाफेत ठेवणं हे आगीला आमंत्रण, ते वेगळंच.

शंकासुर

दृश्य प्रकाशावर चालणारे उत्प्रेरक आलेत ना? मग युव्हीचा हा खटाटोप कशाला? घरातल्या एलईडीवरच भागेल.

मोजपट्टी

आलेत, २००१ पासून नायट्रोजन मिसळलेल्या टायटॅनियाची चर्चा आहे. टंगस्टन ऑक्साइड साधारण ४५० नॅनोमीटरपर्यंत शोषतो, पण त्याचा इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला सहज जात नाही, म्हणून पॅलेडियम किंवा प्लॅटिनमची जोड लागते. पण शोषण वाढलं म्हणजे काम वाढलं असं नसतं. मिसळलेल्या अणूंपाशीच इलेक्ट्रॉन-पोकळी परत एकत्र येतात. आणि पांढऱ्या एलईडीत निळा शेंडा सोडला तर बाकी प्रकाश या पदार्थांनाही निरुपयोगी. छताच्या दिव्यातून भिंतीवर पडणारी तीव्रता ट्यूबपासून ४ सेंमीवर असते तिच्या मानाने नगण्य. फोटॉनचा हिशेब परत तिथेच येतो.

शंकासुर

बरं. आणि रस्त्याकडेच्या भिंतींना हा रंग लावून वाहनांचा धूर खाणार, ते?

झरोका

ब्रसेल्सच्या लिओपोल्ड दुसरा बोगद्यात भिंती-छताला असा थर देऊन, युव्ही दिवे लावून मोजलं होतं. नायट्रोजन ऑक्साइडमध्ये नजरेत भरेल अशी घट मिळाली नाही. बंद बोगद्यात ही गत, तर उघड्या वर्धा रोडवर काय होणार? हवा भिंतीला स्पर्श न करताच निघून जाते. पांढरं सिमेंट स्वच्छ राहतं, एवढा फायदा खरा. रोमचं २००३ चं ज्युबिली चर्च त्यासाठीच ओळखलं जातं.

कळमना_आडत

विषयाला जोडून. केळी पिकवायच्या खोल्या आणि शीतगृह जवळजवळ असतात. इथिलीन काढायला हे कितपत?

ॲनाटेज

माझ्या मते या तंत्राला शोभेल अशी जागा हीच. इथिलीनचे तुकडे चिकट नसतात, जाळी सहसा तुंबत नाही. शिवाय खोली बंद, पातळी विरळ आणि काम सावकाश झालं तरी चालतं. १९९५ मध्ये अवकाशयानातल्या रोपांच्या पेटीत टायटॅनियाचा इथिलीन काढून टाकणारा डबा पाठवला होता, तो याच कारणाने.

आकडा: इथिलीनला १२ इलेक्ट्रॉन. वॉटमागे तासाला ०.२२ मिली वायू. १०० घनमीटरच्या खोलीत १ पीपीएम म्हणजे १०० मिली. जाळीवर ५० वॉट युव्ही-ए पोचवलं तर तासाला ११ मिली. अडचण शीतगृहातल्या ९० टक्के आर्द्रतेची. इथिलीन जाळीला तसंही सैल धरतं, पाणी त्याला ढकलून देतं. म्हणून हवा ट्यूबच्या उष्णतेने थोडी कोमट होऊन जाळीवर आली तर बरं पडतं. आणि संत्र्याला इथिलीन पिकवत नाही, ते झाडावरून उतरल्यावर पिकतच नाही. सालीचा हिरवा जातो, देठाची टोपी लवकर गळते. संत्र्याशेजारी केळी ठेवली नाहीत तर निम्मं काम झालं. छोट्या खोलीला पोटॅशियम परमँगनेटच्या गोळ्या स्वस्त पडतात, जांभळ्याच्या तपकिरी झाल्या की बदलायच्या.

मोजपट्टी

संत्र्याचा विषय निघाला म्हणून: सालीतलं लिमोनीन आणि ओझोन एकत्र आले की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार होतात. पाण्याच्या फिल्टरमधल्या युव्ही-सी (आखूड तरंगलांबीचं अतिनील) ट्यूब काढून डबा करणाऱ्यांनी ऐका. २५४ नॅनोमीटरवर टायटॅनिया चालतो, पण फटीतून आलेला किरण डोळे आणि कातडी भाजतो. त्यातही १८५ सोडणारी ट्यूब निघाली तर ती ओझोन बनवते. वर घरात संत्र्याच्या वासाचं फ्लोअर क्लीनर असेल तर झालंच.

प्लायवाला_इतवारी

मशीनच्या फटी सिलिकॉनने बंद केल्या तर चालते ना?

भट्टीकर

नेमकं तेच करू नका! सिलिकॉन सीलंटमधून सिलोक्सेनची वाफ येते. ती जाळीवर जळते तेव्हा कार्बन निघून जातो आणि सिलिका मागे उरते, म्हणजे उत्प्रेरकावर काचेचं कवच. बेन्झोइक आम्लाने पिवळी पडलेली जाळी वाचते: डबा स्वच्छ, जराशा दमट हवेत रात्रभर ट्यूब लावून ठेवा, नाहीतर परत ४५० ला भाजा. नायट्रेट-सल्फेट डिस्टिल्ड पाण्याने धुऊन जातात. सिलिकाचं कवच कशानेच जात नाही, जाळी फेकायची. केसांचं सीरम, काही डिओडरंट यांतही सिलोक्सेन असतात, म्हणून ड्रेसिंग टेबलाजवळ डबा नको. फटींना ॲल्युमिनियम टेप, झाकणाला युव्हीपासून आडोशाला ठेवलेली रबराची पट्टी.

झरोका

डब्यानंतर कोळशाचा थर लावा, आधी नाही. अर्धवट तुटलेलं जे बाहेर येतं ते तिथे अडकेल. साधा कोळसा फॉर्मल्डिहाइड नीट धरत नाही, परमँगनेट लावलेल्या ॲल्युमिनाचे दाणे त्यात मिसळा. झाकण उघडलं की ट्यूब बंद होईल असा मायक्रोस्विच विसरू नका, फ्रिजच्या दारात असतो तसला.

संत्रावाडी

ट्यूब किती दिवसांनी बदलायची? जळेपर्यंत?

ॲनाटेज

जळेपर्यंत थांबू नका. माशांच्या मशीनवाले वर्षातून एकदा ट्यूब बदलायला सांगतात, कारण डोळ्याला ती तितकीच निळी दिसते पण युव्ही उतरलेलं असतं. चोवीस तास चालवणार असाल तर दर सहा महिन्यांनी रेझाझुरिनच्या शाईची पट्टी त्याच अंतरावर धरून निळ्याचा गुलाबी व्हायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. वेळ दुप्पट झाला की आधी ट्यूब पुसून बघा. आपल्याकडे धूळच इतकी बसते की अर्ध्या वेळा तेवढ्यानेच भागतं.